सुकळी नदीतली फितूर

लिंबीला थरच्या वाळवंटात आणलं तेव्हा ती सात वर्षांची होती. सोलापूरहून जैसलमेरपर्यंत ट्रकमधला तीन दिवसांचा प्रवास झालेला. पण खाली उतरल्यावर तिनं अंग झटकलं, डॉ. वेणू धोत्रेच्या खांद्याला नाक लावलं आणि समोरच्या खेजडीच्या झाडाखाली काही चरायला मिळतं का ते बघायला निघून गेली. नवी जागा, नवी माणसं, कशाचंच तिला बुजणं नव्हतं. वेणूला नेमकी अशीच गाढवी हवी होती.

वेणू माती वडाराची लेक. तिचे वडील यल्लप्पाअण्णा यांचा उभा जन्म तळी आणि विहिरी खणण्यात गेला. ते खणायचे आणि गाढवं माती वाहायची. यंत्रं आली तशी अण्णांची गाढवं एकेक करून कमी होत गेली आणि शेवटी लिंबी तेवढी दारात राहिली. वेणूनं फोनवर लिंबी मागितली तेव्हा अण्णांनी एकच प्रश्न विचारला होता.

"तिथं तिला काम काय?"

"काही नाही अण्णा. गळ्यात एक पट्टा बांधणार. ती रानातल्या गाढवांत मिसळेल, हिंडेल. कळप कुठं कुठं आहेत ते आम्हाला कळेल."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. कळप कळल्यावर पुढं काय करणार, ते अण्णांनी विचारलं नाही आणि वेणूनं सांगितलं नाही.

थरमध्ये गाढवं आली ती माणसाच्याच हौसेनं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गाढविणीच्या दुधाला सोन्याचे दिवस आले होते. त्या दुधाचे साबण निघाले, मलमं निघाली, आणि वाळवंटाच्या कडेला परदेशी जातीच्या उंचापुऱ्या गाढवांचे मोठमोठे गोठे उभे राहिले. मग तेच दूध प्रयोगशाळेतल्या टाकीत तयार व्हायला लागलं. गोठे बसले. मालकांनी फाटकं उघडली आणि पाठ फिरवली. गाढव चिवट प्राणी, काटेरी झुडपावर जगतो आणि तहान सोसतो. त्याला खाईल असा वाघ-सिंह या मुलखात नाही. बघता बघता चाळीस हजार गाढवं झाली. त्यांनी सेवण गवत मुळासकट खाल्लं. माळढोक पक्षीण वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. गाढवांचा कळप धावत गेला की त्या वर्षाचं सगळं खुरांखाली जायचं. जगातले शेवटचे माळढोक आता फक्त थरमध्ये उरले होते, सगळे मिळून एकाहत्तर.

त्यावर वेणूनं काढलेला उपाय साधा होता. गाढवाला एकटं राहवत नाही, एकटं सोडलं की ते दुसरी गाढवं हुडकून काढतं. एका माणसाळलेल्या गाढवीच्या गळ्यात पट्टा बांधायचा. ती कळप शोधते, पट्टा जागा सांगतो, आणि वरून ड्रोन येतात. प्राण्याच्या अंगाची ऊब आणि चालण्याची ढब यांवरून ड्रोन गाढव ओळखतात. चिंकारा किंवा नीलगाय त्यांच्या नजरेत असून नसल्यासारखी. प्रत्येक गाढवाच्या मानेमागं एक गोळी. गिधाडांना बाधू नये म्हणून ती शिशाचीही नसते. फक्त पट्टेवाल्या गाढवीला ड्रोन हात लावत नाहीत. ती एकटी उरते, दोन दिवस तिथंच घोटाळते आणि मग पुढचा कळप शोधायला निघते. कागदोपत्री या पद्धतीला लांबलचक इंग्रजी नाव होतं. छावणीवरची माणसं लिंबीला नुसतं 'फितूर' म्हणायची.

पहिला कळप मारला त्या दिवशी वेणू स्वतः पडद्यासमोर बसली होती. एकोणीस गाढवं दीड मिनिटात पडली. लिंबी मध्ये उभी होती. तिनं एकेकाला हुंगलं. एक लहान शिंगरू होतं, त्याला तिनं नाकानं दोनदा ढकललं. मग ती मान खाली घालून उभी राहिली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. वेणूनं पडदा बंद केला आणि पुढच्या वेळेपासून हे काम यंत्रावर सोपवलं.

तीन वर्षांत चाळीस हजार गाढवं संपत आली; उघड्यावरचे मोठे कळप ड्रोनना वरूनच दिसले, विखुरलेले लिंबीनं दाखवले. सेवण गवत पुन्हा गुडघ्याएवढं झालं. त्या वर्षी माळढोकांची अकरा पिल्लं जगली. इतकी पिल्लं एका हंगामात कुणाच्या पाहण्यात नव्हती. दिल्लीहून प्रकल्पाचे संचालक कक्कडसाहेब पेढे घेऊन आले, वेणूचे फोटो छापून आले. अण्णांना तिनं कात्रण पाठवलं नाही.

भूराराम नावाचा पन्नाशीचा रखवालदार प्रकल्पावर होता. इथल्याच भिल्ल वस्तीतला, पायाखालच्या वाळूची माहिती असलेला माणूस. मार्च महिन्यात तो वेणूच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"डॉक्टरबाई, सुकळी नदीत पाणी राहिलं नाही."

वेणू हसली. "भूरारामजी, सुकळीत पाणी होतं कधी? पावसाळ्यात चार दिवस."

"वर नव्हतं. खाली होतं," तो म्हणाला. "येऊन बघा."

वेणूनं डायरीत नोंद केली आणि ती कामाला लागली. बघायला ती गेली जून उजाडल्यावर, आणि तेही ड्रोनला नदीच्या पात्रात काहीतरी पडलेलं दिसलं म्हणून.

पात्रातल्या वाळूत नऊ चिंकारा मरून पडल्या होत्या. सगळ्या एकाच जागी, एका उथळ खळग्याभोवती. त्यांच्या पुढच्या खुरांच्या कडा झिजून रक्त आलेलं होतं. त्यांनी वाळू उकरली होती. पण चिंकाराचं खूर ते केवढं. हातभर खोलीवर त्या थांबल्या होत्या. थोडं पुढं एक कोल्हा होता. त्याच्यापुढं पखुर्डी पक्षी, पाचोळ्यासारखे विखुरलेले.

भूरारामनं खळग्याच्या मधोमध पहार ठोकली, मग फावड्यानं वाळू काढली. छातीएवढं खोल गेल्यावर तळाशी ओल आली, आणि थोड्या वेळानं ओंजळभर गढूळ पाणी.

"गाढवं खणायची," तो म्हणाला. "रोज. ही जागा, पुढं चार जागा, वळणावर दहा. नदीभर."

वेणू छावणीवर परतली आणि तिनं तीन वर्षांची छायाचित्रं उघडली. प्रकल्पाचे कॅमेरे फक्त गाढवं मोजायचे. चौकटीत गाढव नसेल तर यंत्र ते छायाचित्र 'निरुपयोगी' म्हणून बाजूला टाकायचं. तिनं ती बाजूला टाकलेली लाखो छायाचित्रं काढली, गाढवांच्या छायाचित्रांशी वेळेनुसार जुळवली आणि दोन दिवस ती बघत बसली. गाढव येतं, पुढच्या पायांनी खणतं, पाणी पिऊन जातं. लगेच चिंकारा येते. मग कोल्हे, रानमांजर, पक्ष्यांचे थवे. एका छायाचित्रात माळढोकाची मादी खड्ड्याच्या उतारावरून खाली चालली होती आणि मागं तिचं पिल्लू होतं.

गणित आता तिला उलगडलं. सुकळीच्या पात्राखाली जिप्समचा एक थर आहे. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि त्या थरावर अडून राहतं. पूर्वी उंट आणि मेंढ्या राखणारे राईका लोक या पात्रात विहिरड्या खणायचे, दरसाल गाळ काढायचे. त्यांच्या उंटांबरोबर रानातली जनावरंही पाणी प्यायची. मग नळ आले, वस्त्या रस्त्याकडेला सरकल्या, विहिरड्या बुजल्या. नेमकी त्याच सुमारास गाढवं सुटली, आणि माणसानं सोडलेलं काम नकळत करत राहिली. गवत खाणारी, अंडी तुडवणारी तीच, आणि उन्हाळ्यात रान जगवणारीही तीच. वेणूनं त्यांचा एकच हिशेब मांडला होता.

तिनं अण्णांना फोन लावला.

"अण्णा, गाढव पाणी कसं शोधतं?"

"हुंगून," अण्णा म्हणाले. "आम्ही तळ्याची जागा धरायचो ती गाढव सोडून. दोन दिस तहानलेलं ठेवायचं. ते जिथं पाय आपटंल तिथं कुदळ मारायची. का गं?"

तिनं सांगितलं. सुकळीचं सांगितलं, चिंकारांचं सांगितलं. अण्णा ऐकत होते.

"मग गाढवं कुठं गेली तिथली?"

वेणूनं समोर उघडी असलेली छायाचित्रं मिटली.

"वेणू, लिंबी काय करती तिथं?"

तेव्हा तिनं तेही सांगितलं. अण्णांनी तिचं बोलणं मध्ये तोडलं नाही. संपल्यावर फोन कधी बंद झाला ते तिला समजलं नाही.

आठवड्यानं अण्णा एका पिशवीनिशी छावणीच्या फाटकाशी उभे होते. त्यांचं वय अडुसष्ट, आणि सोलापूरच्या पलीकडं ते कधी गेले नव्हते. वेणू पाया पडायला वाकली तर ते बाजूला सरकले.

"कुठं हाय ती?"

पट्ट्यावरून जागा कळली. जीपनं दोघं आणि भूराराम गेले. नदीच्या वळणावर लिंबी एका खड्ड्यापाशी होती. अंगावरची हाडं मोजता यावीत इतकी रोडावलेली. तिनं स्वतःच खणलेला तो खड्डा होता, तळाशी पाणी चमकत होतं. अण्णांनी जीभ टाळूला लावून जुनी हाक दिली. लिंबीचे कान उभे झाले. ती दोन पावलं पुढं आली, आणि मग वळून लांब गेली.

"ओळखलं नाही तिनं," वेणू म्हणाली.

"ओळखलं," अण्णा म्हणाले. "गप बस अन् बघ."

ते झुडपाआड बसून राहिले. तासाभरानं पलीकडच्या टेकाडावर गाढवं दिसली. पाच होती, चार माद्या आणि एक तरणा नर. प्रकल्पाच्या यादीत उरलेली ही शेवटचीच. पाणी हुंगत ती लिंबीकडं निघाली. ती जवळ आली तशी लिंबी कान पाडून त्यांच्यावर धावली. पहिलीला चावली, नराला लाथा झाडल्या. पाचही पांगली. ती पुन्हा आली, लिंबीनं पुन्हा हाकलली. असं चार वेळा झालं. शेवटी लिंबी खड्डा सोडून दूर, पार टेकाडापलीकडं निघून गेली. मग पाचही गाढवं खड्ड्यावर आली आणि पाणी प्याली. ती गेल्यावर दोन चिंकारा आल्या.

वेणूला गेल्या महिन्याची आकडेवारी आठवली. दुसऱ्या गाढवांशी संपर्क नाही, सतत हालचाल, कळप शून्य. तिला वाटलं होतं, यंत्र बिघडलंय.

"तिला कळलंय," अण्णा म्हणाले. "तिच्यापाशी जे येतं ते मरतं. एवढं तीन वरसात कुणालाबी कळंल."

वेणूला यावर शास्त्राला धरून काही बोलता आलं असतं. जनावराला एवढी संगती लागत नाही, हा नुसता ताण असतो, वगैरे. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कक्कडसाहेबांशी पडद्यावरून बोलणं केलं. बाजूला टाकलेली छायाचित्रं दाखवली. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनी सगळं नीट पाहिलं.

"डॉक्टर धोत्रे, तुमचं म्हणणं मला पटतं," ते म्हणाले. "आपण पाणवठे बांधू. पुढच्या वर्षाच्या आराखड्यात घालू."

"सर, पुढच्या वर्षी इथं कुणासाठी बांधणार? निदान ही पाच गाढवं ठेवा."

"पाच गाढवं सबंध नदी खणतील?"

"नाही."

"आणि वाढू दिली तर दहा वर्षांनी पुन्हा चाळीस हजार. पुन्हा अंडी तुडवणार. हे तुमचंच संशोधन आहे." त्यांनी चष्मा काढला. "तीस जूनला मला शून्य कळवायचं आहे. ती फितूर आता काम करत नसेल तर पट्टा बंद करा. शेवटी तिलाही यादीत धरायचंच होतं."

वेणूच्या मागं दारात अण्णा उभे होते. साहेबांचं हिंदी त्यांना पुरेसं कळत होतं.

त्या दुपारी वेणूनं जन्मात पहिल्यांदा खोटी नोंद केली. सुकळीच्या वळणावर माळढोकाचं घरटं सापडलं, असं तिनं प्रणालीत घातलं. घरट्याभोवती दहा किलोमीटर ड्रोन उडत नाहीत, हा नियमही तिनंच बनवलेला. मग तिघं लिंबीकडं गेले. ती वेणूला जवळ येऊ देईना. अण्णा एकटे पुढं गेले, वाळूत बसले, आणि बसूनच राहिले. ऊन कलल्यावर लिंबी आली आणि त्यांच्या मागं उभी राहिली. त्यांनी न बघताच हात मागं नेऊन पट्ट्याची कडी सोडली. मानेवर केस झडून काळा चट्टा पडला होता.

"चल, घरी जाऊ," अण्णा म्हणाले आणि दोरी टाकायला उठले.

लिंबी दोरीला आली नाही. मान हलकी झाल्यावर ती जरा वेळ थबकली, डोकं दोनदा हलवून पाहिलं, आणि टेकाडाकडं दुडकत निघाली. पाचही गाढवं तिथंच होती. या वेळी तिनं कुणाला हाकललं नाही. नरानं तिच्या मानेवरचा चट्टा हुंगला. अण्णा दोरी गुंडाळत बघत राहिले.

"राहू दे तिला तिथं," ते म्हणाले.

अकरा दिवस गेले. सहा गाढवं रोज खणत होती, आणि त्या एका वळणावर उन्हाळा सोसत रान जगत होतं. बाराव्या दिवशी दिल्लीहून घरट्याची पाहणी करायला दोघं जण आले. त्यांना घरटं सापडलं नाही. वेणूनं सबब सांगितली नाही. तिचा प्रवेश-क्रमांक संध्याकाळच्या आत बंद झाला, आणि ड्रोन नेहमीच्या वेळी पट्ट्यानं कळवलेल्या शेवटच्या जागेकडं उडाले. त्यांना चालवायला आता कुणाच्या बोटाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडता तिघं तिथं पोचले तेव्हा गिधाडं उतरली होती. लिंबी खड्ड्याच्या उतारावर पडली होती, पुढचे पाय आत, अंग बाहेर. पट्टा नसलेलं गाढव म्हणजे इतर गाढवांसारखंच एक गाढव. अण्णांनी तिला ओढून बाहेर काढायला सांगितलं, कारण पाणी नासलं असतं.  नंतर लांब जाऊन ते पाठमोरे बसले.

वेणूनं जवळच्या गावातून यंत्र मागवलं. जेसीबीनं एका दिवसात सहा खड्डे झाले, सरळ भिंतींचे, चौकोनी. तिला वाटलं, निदान एवढं तरी. तिसऱ्या दिवशी भूरारामनं एका खड्ड्यातून चिंकाराचं पाडस काढलं आणि दुसऱ्यातून माळढोकाचं पिल्लू. दोन्ही मेलेली. आत उतरली होती, वर चढता आलं नव्हतं.

अण्णांनी पिल्लू हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि वाळूवर ठेवलं. मग ते खड्ड्याशी गेले.

"ही विहीर न्हवं," ते म्हणाले. "गाढव असं खणत न्हाई. ते समोरनं खणतं अन् मागं माती लोटतं. म्हणून उतार पडतो. फावडं दे."

तिघांनी सगळे खड्डे मोडून पुन्हा खणायला घेतले. यंत्राला तो उतार जमत नव्हता. तळाशी गेलं की वाळू ढासळायची. दिवसाकाठी दोन खड्डे, आणि वारा सुटला की सकाळी ते अर्धे भरलेले. गाढवं रोज का खणत होती, ते वेणूला आता खांद्यातून कळत होतं. पलीकडं, जिथं त्यांना पोचता येत नव्हतं तिथं, नदी शंभर मैल कोरडी पडली होती. अकरा पिल्लांतली तीन उरल्याचं भूराराम सांगत होता. एक दिवस त्यानं आकडा सांगणं सोडून दिलं. तीस जूनला प्रकल्प यशस्वी झाल्याचं जाहीर झालं.

अण्णा तिच्याशी कामापुरतंच बोलत. माती कुठं टाकायची, पहार कशी धरायची, पाणी केव्हा प्यायचं. लिंबीचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि वेणूनंही नाही. त्यांचं परतीचं तिकीट पंधरा जुलैचं होतं. पंधरा आली आणि गेली.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, आभाळ अजून पांढरंच असताना, वेणू खड्ड्यात कंबरेएवढी उतरली होती. अण्णा काठावर घमेलं घेऊन उभे होते. हातांचे फोड फुटून फावड्याच्या दांड्याला चिकटत होते. तिनं वर बघितलं.

"अण्णा, सोलापूरला कधी जाणार?"

अण्णांनी खड्ड्याकडं पाहिलं, तिनं तासलेल्या बाजूकडं पाहिलं.

"उतार जमला न्हाई तुला अजून," ते म्हणाले. "पाडस घसरंल. परत घे."

वेणूनं फावडं उचललं आणि ती बाजू पुन्हा तासायला घेतली.